आपत्कालीन विभागातील निदान

आपत्कालीन विभागात (कॅज्युअल्टीत) कोणतीही तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या जिवाला धोका आहे का आणि असल्यास कशामुळे, हे अपुऱ्या माहितीवर, थोडक्या वेळात ठरवण्याची पद्धत. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर बहुधा नेहमीच्या आजारांपासून विचार सुरू करतात. इथे क्रम उलटा असतो: सर्वांत घातक शक्यता आधी मनात आणायची, ती खोडून काढायची, मग साध्या कारणाकडे वळायचे. छातीतली जळजळ पुष्कळदा पित्ताचीच असते. पण पित्त समजून घरी पाठवलेला हृदयविकाराचा रुग्ण परत येईलच असे नाही.

दारातच रुग्णांची गांभीर्यानुसार क्रमवारी लावतात. तिला ट्रायाज म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक-झां लारे यांनी जखमींवर हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याची प्रथा पाडली. आजच्या क्रमवारीचे मूळ तिथे आहे. त्यानंतर श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे बाजूला करून सर्वांग, या क्रमाने तपासणी होते. ज्या पायरीवर बिघाड सापडेल तिथेच तो सावरायचा. त्यामुळे पुष्कळदा आजाराचे नाव कळण्याआधीच ऑक्सिजन आणि सलाईन सुरू झालेले असते.

छातीत दुखत असेल तर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांनी पाहावा, असा दंडक आहे. पण हृदयविकार दरवेळी छातीतच बोलतो असे नाही. मधुमेह असलेली एखादी वयस्क स्त्री सांगते, “दुखत काहीच नाही, नुसतं मळमळतंय, अंगात त्राण नाही.” कपाळावर घामाचे थेंब असतात, हात गार लागतो. अशा वेळी ईसीजी काढलाच पाहिजे. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. तो पुन्हा काढतात, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही काही वेळाच्या अंतराने पुन्हा मोजतात. कळ एकाएकी उठून पाठीत फाटल्यासारखी गेली असेल, दोन्ही हातांच्या रक्तदाबात बराच फरक असेल, तर महाधमनीचा आतला थर फाटल्याची शंका घ्यावी लागते. अशा रुग्णाला हृदयविकार समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले तर ते प्राणावर बेतते.

पोटदुखीची जागा फसवी असते. फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटात दुखू शकतो, मधुमेहातील कीटोआम्लताही (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होणे). मुलगा संकोचाने “पोट दुखतंय” म्हणतो आणि पीळ पडलेला असतो वृषणाला. तो साधारण ६ तासांत सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. मूल होण्याच्या वयातील स्त्रीची गर्भचाचणी करतात, कारण गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि रुग्ण कळवळतो आहे पण पोट हाताला मऊच लागते, अशी विसंगती दिसली तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला नाही ना, हे पाहावे लागते.

‘चक्कर’ या एका शब्दात तर चार तक्रारी दडलेल्या असतात: घर फिरल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोल जाणे आणि निव्वळ थकवा. पहिलीचे मूळ कानात किंवा मेंदूत, दुसरीचे बहुधा रक्तदाबात किंवा हृदयाच्या ठोक्यांत. कधी सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने वाढते, हे शांतपणे विचारले की अर्धे काम होते.

एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळू लागले, की पक्षाघाताची शंका येते. तरी आधी बोट टोचून साखर पाहतात, कारण साखर फार उतरली की हुबेहूब असेच दिसते. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. म्हणून नातेवाइकांना विचारायचा प्रश्न ‘केव्हा लक्षात आले?’ हा नाही, ‘शेवटचे ठीक केव्हा पाहिले?’ हा आहे. रुग्ण झोपेतून उठला तोच असा असेल, तर वेळ झोपण्याआधीपासून धरतात.

चुका अनेकदा अज्ञानापेक्षा पहिल्या समजुतीला चिकटून राहिल्याने होतात. तोंडाला दारूचा वास येणाऱ्या, बरळणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागलेला असू शकतो, हे विसरणे ही त्यांतली सर्वांत दुःखद चूक.

अनेक रुग्ण नेमके निदान न होताच घरी जातात आणि त्यात गैर काही नाही. मात्र घातक कारणे तपासलेली असावीत, आणि दुखणे वाढले, उलट्या थांबेनाशा झाल्या, धाप लागली किंवा शुद्ध हरपू लागली तर लगेच परत यायचे, हे रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला त्यांच्या भाषेत सांगितलेले असावे.