आइल ऑफ वाइट : बोटी आणि दर्यावर्दी वारसा

आइल ऑफ वाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरचं सुट्टीचं बेट, क्षेत्रफळ साधारण ३८० चौ. किमी, आणि मधे सोलेंट नावाची चिंचोळी सामुद्रधुनी. पूल नाही, बोगदा नाही, म्हणजे पाण्याची सफर ठरलेलीच. साउथॅम्प्टन, पोर्ट्समथ आणि लिमिंग्टनहून गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी सुटतात, पण खरी गंमत बेटावरच्या राइड या गावाला.

राइडचा किनारा इतका उथळ की ओहोटी लागली की पाणी पार लांब जातं आणि मागे नुसती ओली वाळू. जुन्या काळी उतारू ती तुडवत यायचे नाहीतर हमालाच्या पाठीवर बसून, म्हणून १८१४ मध्ये लाकडी धक्का बांधला, तो पुढे वाढत वाढत सुमारे ६८० मीटर समुद्रात गेला आणि त्याच्या टोकापर्यंत रूळही पडले. हॉवरक्राफ्टला, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणाऱ्या वाहनाला, मात्र वाळू काय नि पाणी काय, सारखंच. १९६५ पासून पोर्ट्समथचा साउथसी भाग ते राइड ही सर्व्हिस चालू आहे, जेमतेम दहा मिनिटं लागतात. तुषार उडवत, कान किटवत ते थेट किनाऱ्यावर चढतं, पंखे मंदावतात, खालचा रबरी घोळ हवा जाऊन चपटा होतो आणि अख्खं धूड खुडूक कोंबडीसारखं खाली बसतं. हे यंत्र घडलंही याच बेटावर: ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्लिश संशोधकाने मांजराच्या खाण्याचा डबा कॉफीच्या डब्यात बसवून प्रयोग केले आणि त्यातून पुढे ईस्ट काउझ गावच्या साँडर्स-रो कंपनीत बनलेलं एसआर.एन१ हे हॉवरक्राफ्ट १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार करून गेलं.

शेजारच्या काउझ गावाचं नाव जास्त गाजतं ते यॉटमुळे, म्हणजे शर्यतीच्या शिडाच्या नौकांमुळे. १८२६ पासूनच्या शर्यतींचा काउझ वीक ऑगस्टच्या आसपास असतो, रेस सुटताना रॉयल यॉट स्क्वॉड्रन या क्लबच्या पितळी तोफा धडाडतात. क्लबात शिरणं आपल्यासारख्याचं काम नाही, पण किनाऱ्यावरून बघायला कोण अडवतंय! १८५१ मध्ये बेटाला वळसा घालायची शर्यत 'अमेरिका' नावाच्या शिडाच्या जहाजाने मारली आणि त्यात मिळालेला चषक आज अमेरिकाज कप म्हणून ओळखला जातो. मला विचाराल तर तिथली साखळी-फेरी जास्त बघण्यासारखी, मेडिना नदीच्या तळाशी टाकलेल्या साखळ्या ओढत ती काउझ ते ईस्ट काउझ जाते-येते, ही सोय १८५९ पासूनची.

पश्चिम टोकाला नीडल्स, खडूच्या दगडाचे तीन पांढरे सुळके, शेवटी लाल-पांढरं दीपगृह, हेही १८५९ चंच, १९९४ पासून माणसाविना चालतं. जवळच्या अ‍ॅलम बे या छोट्या खाडीत चेअरलिफ्टने रंगीत वाळूच्या कड्याखाली उतरायचं आणि बोटीने सुळक्यांपाशी जायचं. नीडल म्हणजे सुई, पण तिन्हींत सुईसारखा एकही नाही, कारण ज्याच्यावरून नाव पडलं तो चौथा उंच सुळका १७६४ च्या वादळातच कोसळला.