घंटी, हॉर्न आणि वेगाचा वर्ग

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठाने सकाळी सहाच्या सुमारास सायकल चालवणाऱ्याला अधूनमधून बोलणी खावी लागतात. मागच्या महिन्यात माझी पाळी आली. पुढे चार ज्येष्ठ गृहस्थ एका ओळीत गप्पा मारत चालले होते. मी अगदी जवळ जाऊन घंटी वाजवली, तेव्हा उजव्या टोकाच्या काकांनी दचकून मान उजवीकडे वळवली आणि मानेबरोबर ते स्वतःही उजवीकडे, म्हणजे नेमके माझ्या वाटेत आले. कुणी पडले नाही, पण "ओ, कडंनं जावा की! वाट काय तुमच्या एकट्याची हाय व्हय?" हे मला ऐकून घ्यावे लागले. त्याच संध्याकाळी कपिलतीर्थ मंडईतून भाजी घेऊन महाद्वार रोडने पायी येताना एका दुचाकीस्वाराने माझ्या कोपराला घासून कट मारली आणि जवळजवळ तेच वाक्य मी त्याच्या पाठीवर फेकले.

सकाळचा आरोपी संध्याकाळी फिर्यादी झाला, यात नवल नाही. स्वतःच्या चुकीला आपण परिस्थितीचे कारण देतो आणि दुसऱ्याच्या चुकीला त्याच्या स्वभावाचे. या सवयीच्या दुसऱ्या भागाला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 साली 'मूलभूत कारणारोपणाची चूक' अशा अर्थाचे नाव दिले. रस्त्यावर ही सवय विशेष फोफावते, कारण समोरचा माणूस दोन सेकंद दिसतो आणि खुलासा न करता निघून जातो. मात्र सगळा दोष मनावर टाकण्याआधी थोडे गणित करून पाहावे, असे मला वाटते.

समजा, काठावर एकाच दिशेने चालणारी माणसे सरासरी 20 मीटर अंतराने विखुरलेली आहेत आणि त्यांचा वेग ताशी 5 किलोमीटर आहे. सायकल ताशी 15 किलोमीटरने जात असेल, तर दोघांच्या वेगातला फरक 10 किलोमीटर, म्हणून सायकलस्वाराला तासाला 500 माणसे, म्हणजे दर सात सेकंदांना एक माणूस ओलांडावा लागतो. सायकली मात्र कमी असतात. त्या 200 मीटर अंतराने येत आहेत असे धरले, तर चालणाऱ्याला मागून सायकल गाठते ती सुमारे सव्वा मिनिटाने एकदा. वाट एकच आहे, पण सायकलस्वाराच्या लेखी ती अडथळ्यांची रांग आहे आणि चालणाऱ्याच्या लेखी ती शांत जागा आहे, जिथे मधूनच पाठीमागून कुणीतरी धसका देऊन जाते. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. वेगात फरक राहील तोवर हा विसंवाद सभ्यतेच्या फलकांनी मिटणार नाही.

घंटीचीही एक गंमत आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू मुख्यतः दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या अत्यल्प वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ठरवतो. बरोबर पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांवर एकाच क्षणी पोहोचतो, त्यामुळे मुख्य खूणच नाहीशी होते आणि ऐकणाऱ्याला मान वळवून पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. काका उजवीकडे वळले ते हट्टाने नव्हे. शिवाय अनपेक्षित आवाज ऐकून, समजून, पाऊल हलवायला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. ताशी 10 किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर; मी घंटी तीन मीटरवरून वाजवली होती. काकांच्या हाती जेमतेम एक सेकंद होता. त्या सेकंदात त्यांनी जे केले, ते मीही केले असते.

सायकलस्वाराच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. सायकल सरळ रेषेत चालतच नाही. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवत राहूनच तोल सांभाळला जातो आणि वेग कमी झाला की ही नागमोड रुंदावते. "नीट चालवता येत नाही का?" असे गाडीच्या काचेआडून विचारणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. दुसरी गोष्ट थांबण्याची. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो धरले, तर ताशी 15 किलोमीटर वेगाला त्यांच्यात सुमारे 740 जूल गतिज ऊर्जा असते. दसरा चौकाच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती उष्णता होऊन जाते, आणि पुन्हा तेवढी मिळवायला आरामात 75 ते 100 वॅट काढणाऱ्या पायांना सात ते दहा सेकंद खर्चावे लागतात. मोटारवाल्याला तीच ऊर्जा अंगठ्याच्या दाबाने मिळते. सायकलवाले सिग्नल का तोडतात, याचे हे स्पष्टीकरण आहे. समर्थन म्हणून ते मी देत नाही.

इथवरची सगळी भांडणे हळू वेगाची होती. खरा धोका वेगळ्या जागी असतो, आणि आपली गफलत नेमकी तिथेच होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालणाऱ्या माणसाकडे सुमारे 70 जूल, सायकलस्वाराकडे 740, ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीकडे स्वारासह सुमारे 11 हजार आणि ताशी 50 किलोमीटरने धावणाऱ्या 1200 किलोच्या मोटारीकडे 1 लाख 16 हजारांच्या आसपास. तीच मोटार 30 किलोमीटरवर आणली, तर ऊर्जा 42 हजारांवर उतरते.

थांबण्याच्या अंतराचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे. ताशी 30 किलोमीटरच्या मोटारीसमोर 18 मीटरवर एखादे पोर चेंडूमागे धावत आले, असे समजू. चालकाला दीड सेकंद भानावर यायला लागतो आणि तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर ती आणखी पाच मीटरांत थांबते. पोर अर्ध्या मीटराने वाचते. गाडी 50 किलोमीटरने येत असेल, तर त्याच दीड सेकंदात ती जवळपास 21 मीटर गेलेली असते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पडण्याआधीच धडक झालेली असते, तीही पूर्ण वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे मोटारीच्या दर्शनी भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका 50 वरून 65 किलोमीटरवर जाताना साडेचार पट होतो. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती.

आता महाद्वार रोडची नवरात्रातली संध्याकाळ आठवा. पायी भाविक, हातगाड्या, दुचाक्या, सायकली आणि मधेच शिरलेली एखादी मोटार. दर दहा पावलांना कुणीतरी कुणावर खेकसते. तिथे तीसच्या वर वेग नेणे कुणालाही शक्य नसते. उलट शिरोली ते गोकुळ शिरगाव महामार्गाच्या टप्प्यावर गाडीवाला आणि रस्ता ओलांडणारा कामगार यांच्यात शब्दही होत नाही, कारण शब्द व्हायला वेळच नसतो. भांडणाला सावकाशपणा लागतो, आणि म्हणून कुठे भांडणे जास्त होतात यावरून रस्त्याची सुरक्षितता जोखू नये, असे माझे मत आहे.

पन्हाळ्याच्या रस्त्याला सायकल घेऊन जाणाऱ्यांना हा भेद पाठीवर कळतो. शेजारून वेगाने ट्रक गेला की त्याच्या तोंडापुढची हवा आधी बाहेर ढकलते आणि मागची लगेच आत ओढते. दोन्ही धक्क्यांचा जोर ट्रकचा वेग वाढेल तसा झपाट्याने वाढतो. स्पेनमध्ये सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडणे बंधनकारक आहे. किती अंतर सोडले जाते, हे तेव्हा बाथ विद्यापीठात असलेले इयन वॉकर यांनी स्वतःच्या सायकलला ध्वनिलहरींचे मापक बसवून मोजले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी लांब केसांचा टोप घातला की गाड्या जरा दूरून जात आणि हेल्मेट घातले की सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून. हेल्मेटच्या निष्कर्षावर पुढे वाद झाला आणि त्यावरून हेल्मेट काढून ठेवणे वेडेपणाचे ठरेल. पण चालक नकळत समोरच्याला पाहून अंतर ठरवतो, ही सूचना विचारात घेण्याजोगी आहे.

ऊस तुटून शिवार मोकळे झाले की आडवाटांच्या तिठ्यांवर आणखी एक फसवणूक होते. दोन वाहने स्थिर वेगाने येऊन एकाच क्षणी एकाच बिंदूवर पोहोचणार असतील, तर एकमेकांच्या दृष्टीने ती जागची हलत नाहीत. मोटारीच्या पुढच्या काचेच्या खांबाआड दडलेला सायकलस्वार शेवटपर्यंत खांबाआडच राहतो. नजरेच्या कडेला हालचाल चटकन टिपता येते, पण इथे हालचालच नसते. "मोकळ्या माळावर दिसला कसा नाही?" असे गाव म्हणते, आणि चालक शपथेवर सांगतो ते खरेही असू शकते. तिठ्यावर डोके खांबाच्या पुढेमागे हलवून पाहणे, एवढाच यावर बिनखर्चाचा उपाय आहे.

2020 साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, माणसे आणि वाहने जिथे वरचेवर मिसळतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असावी, असे आवाहन केले, ते वरच्या अर्ध्या मीटराच्या हिशेबामुळेच पटते. मात्र रुंद, सरळ रस्त्यावर नुसती पाटी लावून काही होत नाही. चालक पाटीपेक्षा रस्त्याच्या रुंदीचे ऐकतो.

रंकाळ्यावर मी आता घंटी पंधरा मीटरवरून वाजवतो. चौघांपैकी तिघे डावीकडे सरकतात. चौथे काका अजून उजवीकडेच वळून पाहतात, मी ब्रेक दाबतो, आणि वेग परत यायला लागणारे आठ-दहा सेकंद "काय, आज लवकर?" एवढ्या चौकशीत जातात.