गाडीच्या नंबरातला ६१७४

माझी भाची नववीत आहे. परवा नाशिकरोडला तिच्याकडे गेलो, तर पुस्तक उघडं, कानात इअरफोन आणि मोबाइलवर ‘स्मरणशक्ती वाढवणारं संगीत’ चालू. “मामा, याने मेंदू फास्ट होतो,” म्हणाली.

हा समज पसरला १९९३ पासून. त्या वर्षी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला: ३६ कॉलेजविद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकलं आणि कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत त्यांना जरा जास्त गुण मिळाले. परिणाम टिकला पंधराएक मिनिटं. पाठांतराशी त्याचा संबंध नव्हता, पण बाजारात मात्र ‘मुलं हुशार करणाऱ्या’ सीडी आल्या. आवडीचं गाणं ऐकून मन तरतरीत होतं, हे खरं. पण वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारत असतो, आणि गाण्याचे बोल नेमके त्याच वाटेत आडवे येतात. धडा वाचताना बोल असलेलं गाणं नको, एवढंच तिला सांगितलं.

मग म्हटलं, खाली उभ्या गाड्यांपैकी एकीचा नंबर सांग. एमएच १५, पुढे ४८२७. आता हे आकडे उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, आणि वजा कर. ८७४२ − २४७८ = ६२६४. पुन्हा तेच: ६६४२ − २४६६ = ४१७६. पुन्हा: ७६४१ − १४६७ = ६१७४. आणखी एकदा केलं तरी ६१७४च. तिने दुसरी गाडी घेतली, तिसरी घेतली. चारही आकडे सारखे नसले, की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच; मधे उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य लावून चार आकडे धरायचे.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. ते १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, म्हणजे भाचीच्या घरापासून अगदी जवळ. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही गोष्ट मांडली. जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्यावर लिहिल्यावर. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो.

पण ६१७४च का? इथे पेन घेऊन बसा. उतरत्या क्रमाने आकडे क, ख, ग, घ समजा. वजाबाकी मांडली की उत्तर येतं ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). म्हणजे चार आकड्यांतून फक्त दोन गोष्टी उरतात: टोकांतलं अंतर, त्याला ट म्हणू, आणि मधल्यांतलं अंतर, म. ट १ ते ९, आणि म कधीच ट पेक्षा मोठा नाही. अशा जोड्या फक्त ५४. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतात! पुढच्या वेळी आकड्यांचा क्रम बिनमहत्त्वाचा, म्हणून खरे वेगळे गट ३०च. म शून्य नसेल तर उत्तराचे आकडे असतात ट, म − १, ९ − म, १० − ट. आता ट = ६, म = २ घाला: ६, १, ७, ४. यांतला मोठा ७, लहान १, अंतर पुन्हा ६. मधले ६ आणि ४, अंतर पुन्हा २. जोडी स्वतःलाच परत जन्म देते. बाकीचे सगळे गट याच घरात उतरतात. हे ३० गट हाताने तपासून बघता येतं, आणि एका दुपारचं काम आहे.

यात दैवी काही नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ही संख्या. आठच्या पटीत मोजलं असतं तर सगळा खेळ बदलला असता. लोक ७७७७ किंवा ९९९९ नंबरासाठी जास्तीचे पैसे भरतात, बेरीज ९ येते का बघतात. वजाबाकीचा कोणताही निकाल घ्या, त्याला नऊने भाग जातोच, कारण ९९९ आणि ९० दोन्हींना जातो; म्हणजे आकड्यांची बेरीजही नऊच्या पटीतच. आणि ७७७७ ची पहिलीच वजाबाकी शून्य.

भाची तबला शिकते, म्हणून संगीत मी तिच्याकडून सोडवलं नाही, फक्त कानातून हातात आणलं. तीनताल या तालाच्या १६ मात्रा, म्हणजे ठोके; पहिली मात्रा म्हणजे सम. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. समेवरून उठलेली तिहाई पुढच्या समेवर यायची तर सतरावी मात्रा गाठायला हवी. तुकडा तीनदा, मधे दम, म्हणजे थांबा, दोनदा. १७ ला तीनाने भाग जात नाही, म्हणून पूर्ण मात्रांत बेदम, म्हणजे मधे न थांबणारी, तिहाई इथे बसत नाही. पाच मात्रांचा तुकडा आणि एकेका मात्रेचा दम घेतला की ५ + १ + ५ + १ + ५, शेवटचा धा बरोबर समेवर. झपतालाच्या दहा मात्रांना काय लागेल? तिने मांडीवर ठोकून बघितलं आणि म्हणाली, “तीनचा तुकडा, एकाचा दम.” अकरा. बरोबर.

मग विचारलं तिने, त्या वजाबाकीला पाच आकडी संख्या घेतली तर? मी उत्तर दिलं नाही, कागद पुढे केला. रात्री फोन आला. तिची संख्या थांबेना. ५३९५५ वरून ५९९९४, तिथून परत ५३९५५. “मामा, ही गोल गोलच फिरतेय.”

म्हटलं, अजून दोन वर्तुळं आहेत, शोध.