पाण्यावरची सीमा, पाण्याखालची मोजदाद

कोल्हापूरहून दाजीपूरच्या रस्त्याला लागले की राधानगरी अभयारण्याची हद्द कोठे सुरू होते, हे कोणालाही सांगावे लागत नाही. फलक दिसतो, तपासणी नाका लागतो, झाडी दाट होते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील हे शिकारीचे राखीव रान १९५८ मध्ये महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले आणि आज त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायचे आणि पाणवठ्यावर येणारे गवे, सांबरे, अस्वले मोजायची, ही प्राणिगणनेची पद्धत आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे.

तोच रस्ता पुढे फोंडा घाटाने कोकणात उतरतो. तेथील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील जेमतेम ३ चौरस किलोमीटरांचा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग गाभा क्षेत्र म्हणून राखलेला आहे. येथे कुंपण घालता येत नाही. सीमा कागदावर अक्षांश-रेखांशांनी आखलेली असते आणि मासा तिच्या आरपार दिवसातून कितीही वेळा जाऊ शकतो. मचाण बांधायलाही जागा नाही आणि बांधले तरी वरून फक्त लाटा दिसतील. म्हणूनच सागरी अभयारण्याबाबत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावे लागतात. पाण्याखाली काय आहे हे कळायचे कसे, आणि जे दिसले ते संरक्षणामुळे दिसले हे ठरवायचे कसे?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, पण त्याचे उत्तर कोल्हापूरच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. नवे खत आजमावताना तो सगळ्या उसाला ते एकदम घालत नाही. चार सऱ्या मुद्दाम जुन्या पद्धतीवर ठेवतो. त्या वर्षी उत्पादन वाढले तर ते खताने वाढले की चांगल्या पावसाने, हे त्या चार सऱ्याच सांगतात. सागरी निरीक्षणाची सर्वांत भक्कम रचना नेमकी अशीच असते. क्षेत्र राखीव करण्यापूर्वी मोजायचे, नंतरही मोजायचे, आणि त्याच वेळी जवळच्या, तशाच खोलीच्या व तशाच खडकाळ तळाच्या खुल्या क्षेत्रातही मोजायचे. दोन्हीकडे मासे वाढले असतील तर श्रेय बहुधा त्या वर्षीच्या समुद्राचे. केवळ राखीव भागात वाढले असतील तर संरक्षणाचे. आधीची मोजणी राहून गेली तर ती मागाहून भरून काढता येत नाही, आणि जगातील अनेक सागरी अभयारण्यांची अडचण नेमकी येथेच आहे.

मोजण्याची सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी रीत साधी आहे. पाणबुड्या तळावर ठरावीक लांबीची, बहुधा पन्नास मीटरची, मोजपट्टी अंथरतो आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यात दिसणाऱ्या प्रत्येक माशाची जात व अंदाजे लांबी जलरोधक पाटीवर लिहीत जातो. ही रीत साधी असली तरी सोपी नाही. मुखवट्याच्या काचेतून पाण्यातील वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे निरीक्षकांना आधी ठाऊक लांबीच्या कृत्रिम माशांवर सराव करावा लागतो. त्याहून सूक्ष्म दोष माशांच्या स्वभावात दडलेला आहे. जेथे भाल्याने शिकार होते तेथे मासे माणसाला पाहून दूर पळतात आणि संरक्षित भागात ते जवळ येतात. परिणामी दोन्हीकडे संख्या सारखी असली तरी राखीव भागात ती जास्त भरण्याची शक्यता असते.

हा दोष टाळण्यासाठी पाणबुड्याऐवजी कॅमेराच तळाशी सोडतात. त्याच्यासमोर कुटलेल्या तारलीसारख्या तेलकट माशांचे आमिष टांगलेले असते आणि साधारण तासभर चित्रण होते. तोच मासा पुन्हा पुन्हा चौकटीत येत असल्यामुळे सगळ्या भेटींची बेरीज करीत नाहीत. एका क्षणी एका जातीचे जास्तीत जास्त किती मासे एकत्र दिसले, तोच आकडा धरतात. अलीकडे आणखी एक पद्धत आली आहे. मासे पाण्यात त्वचेचे कण, चिकट स्राव आणि विष्ठा सोडत असतात. एक-दोन लिटर पाणी गाळून त्यातील डीएनए वाचला की परिसरात कोणत्या जातींचा वावर आहे, हे मासा न पाहताही कळते. मात्र तो मासा केवढा होता, हे त्यातून समजत नाही, आणि आकार हीच तर संरक्षणाची खरी खूण आहे.

आकाराला एवढे महत्त्व का, ते कॉड माशाच्या उदाहरणावरून लक्षात येईल. ३० किलोची एक कॉड मादी जितकी अंडी घालते, तितकी अंडी घालायला २ किलोच्या सुमारे २८ माद्या लागतात. वजनाचा हिशेब केला तर ५६ किलो लहान मासे ३० किलोच्या एका मोठ्या मादीची बरोबरी करतात. राखीव क्षेत्रात मासे म्हातारे होऊ शकतात, आणि हाच त्याचा मोठा उपयोग आहे. त्यांची अंडी व पिल्ले प्रवाहाबरोबर सीमेबाहेर जातात आणि तेथील जाळ्यांनाही लाभ देतात.

या लाभाची एक विलक्षण कसोटी फिलिपिन्समधील सुमिलोन या छोट्या बेटावर लागली. जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये बेटाच्या प्रवाळभित्तीचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीला बंद झाला. पुढे १९८४ मध्ये हे संरक्षण मोडले आणि बंद भागातही जाळी पडू लागली. मासेमारीचे क्षेत्र वाढले म्हणजे पकड वाढायला हवी होती. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या आतच ती सुमारे निम्म्यावर आली. बंद असलेला चौथा हिस्सा उरलेल्या तीन हिश्शांना पोसत होता. हे सिद्ध करता आले, कारण त्या बेटावर आधीपासून पकडीची नोंद ठेवली जात होती. माझ्या मते सागरी संरक्षणाच्या इतिहासात यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

पण सगळीच सागरी अभयारण्ये असा परिणाम दाखवीत नाहीत. जगभरातील ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मासेमारीवर पूर्ण बंदी, तिची काटेकोर अंमलबजावणी, दहा वर्षांहून अधिक वय, शंभर चौरस किलोमीटरांहून मोठा विस्तार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने आलेले वेगळेपण, हे पाच गुण त्यात तपासले होते. ज्या क्षेत्रांत यांपैकी केवळ एक किंवा दोन गुण होते, अशी क्षेत्रे निम्म्याहून अधिक निघाली आणि त्यांतील मासे बाहेरच्या खुल्या पाण्यातील माशांपेक्षा वेगळे ओळखता आले नाहीत. वयाचा गुण मालवणकडे आहे. विस्ताराचा नाही, आणि २९ पैकी बहुतेक क्षेत्रात पूर्ण बंदीही नाही. पुढे २०१७ मधील दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले, की पुरेसे कर्मचारी असलेल्या क्षेत्रांतील लाभ अपुरे कर्मचारी असलेल्या क्षेत्रांच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि आपल्याकडे पुरेसे कर्मचारी आहेत असे सांगणारी क्षेत्रे शेकडा ९ एवढीच होती. २०३० पर्यंत पृथ्वीवरील समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये मॉन्ट्रिअल येथे ठरले आहे. ते वाचताना मला या ९ टक्क्यांची काळजी वाटते.

कर्मचाऱ्यांची उणीव उपग्रह भरून काढतील, ही आशा अर्धीच खरी आहे. मोठी जहाजे आपले स्थान रेडिओसंकेताने कळवतात आणि तो संकेत बंद केला तरी रडार असलेले उपग्रह पोलादी जहाज टिपू शकतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका विश्लेषणात औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजे सार्वजनिक नोंदींत दिसतच नसल्याचे आढळले. गळ टाकणारी लहान होडी मात्र या रडारलाही सहसा सापडत नाही. किनाऱ्यालगतच्या छोट्या अभयारण्यात पाळत ठेवणारी खरी दृष्टी तेथील मच्छीमारांचीच असते. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा मासेमारी सोडून पहारा द्यायला तेथील गावकरी स्वतः उभे राहिले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वजन पाचपटीहून अधिक झाले.

मालवणात नेमकी हीच बाजू कमकुवत राहिली. अभयारण्यामुळे उपजीविका जाईल या भीतीने स्थानिकांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. ज्याची चूल मासळीवर पेटते, त्याचा हा विरोध समजण्यासारखा आहे. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्याला तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा आणि माशांचे थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा त्रास वर्षानुवर्षे जाणवत आहे. संरक्षणाचा आराखडा त्याच्या या तक्रारीपासून सुरू झाला असता तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

शिवाय येथील प्रवाळांना असलेला धोका जाळ्यांपुरता नाही. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे अधिक तापलेले राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल गमावून पांढरे पडतात. उष्णतेची लाट कोणतीही सीमा रोखू शकत नाही. म्हणून तळाशी तापमानाची सतत नोंद करणारी छोटी उपकरणे बसवणे आवश्यक असते. ती नसतील तर प्रवाळ उष्णतेने मेले की नांगरांनी आणि गाळाने, हे मागाहून कोणी सांगू शकणार नाही.

मालवणचे पाणी पावसाळ्यात गढूळ असते आणि समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पाण्याखालची मोजणी हिवाळ्यातील स्वच्छ दिवसांतच नीट होऊ शकते. तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रामुळे आणि स्कूबा पर्यटनामुळे या किनाऱ्यावर सराईत पाणबुडे आता तयार आहेत. गाभा क्षेत्रातील आणि बाहेरील ठरलेल्या खडकांवर दर हिवाळ्यात त्याच पट्ट्या अंथरून तांबोशी आणि गोबऱ्याची संख्या व लांबी त्यांनी लिहावी, आणि बंदरावर उतरणाऱ्या मासळीचीही लांबी त्याच जोडीने नोंदवली जावी. घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात येणारी मासळी टोपलीत पडण्यापूर्वी मोजपट्टीवर ठेवायला काही क्षणच लागतात.