बाळाच्या पोटात जाणारी माती: १० ग्रॅम ते १०० मिलिग्रॅम

सोसायटीत फवारणी झाली की ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत रांगत्या मुलाला दोन दिवस बागेच्या मातीत सोडत नाहीत. खरं तर त्या दिवसांत सोफ्याखालची धूळ जास्त बघायला हवी. हे कळायला शास्त्रालाही बरीच वर्षं लागली.

मूल रोज किती माती गिळतं, हा प्रश्न मुळात कीटकनाशकांसाठी विचारला गेलाच नव्हता. तो आला रंगातल्या शिशामुळे, आणि पुढे अमेरिकेतल्या टाइम्स बीच गावच्या मातीत मिसळलेल्या डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे. १९८४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलासाठी रोज १० ग्रॅम धरले. दोन छोटे चमचे माती! तो निव्वळ अंदाज होता.

१९८६ पासून मोजणी सुरू झाली. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, टायटॅनियम मातीत भरपूर असतात आणि आतड्यातून जवळजवळ शोषले जात नाहीत. म्हणून मुलाची शी गोळा करायची, त्यातले हे घटक मोजायचे, जेवणातून आणि औषधांतून आलेले वजा करायचे, उरेल ती माती. पद्धत साधी, पण टूथपेस्टमधलं टायटॅनियम आकडा फुगवायचं. कालचं जेवण आजच्या हिशेबात धरलं गेलं की उत्तर शून्याखाली. म्हणजे मुलानं उणे माती खाल्ली! तरीही १० ग्रॅम फारच जास्त आहेत, एवढं नक्की झालं. १९८९ मध्ये आकडा २०० मिलिग्रॅमवर आला. २०११ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत १ ते ६ वर्षांसाठी सरासरी १०० मिलिग्रॅम होते: माती ५०, घरातली धूळ ६०, बेरीज ११०, ढोबळमानानं १००. माती खायची सवयच असलेल्या मुलाचा हिशेब वेगळा, दिवसाला १ ग्रॅम.

धुळीचा वाटा मातीपेक्षा मोठा, हे लक्षात घ्या. १९८६-८८ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या घरांत हवेपेक्षा गालिच्याच्या धुळीत जास्त प्रकारची कीटकनाशकं सापडली. बाहेर ऊन, पाऊस आणि जंतू औषध मोडतात; घरात यातलं फारसं काही नाही.

आपल्याकडे वाळवीसाठी वापरली जाणारी ऑल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर १९९६ मध्ये बंद झाली आणि क्लोरपायरिफॉस रुळलं. २० टक्क्यांचं १ लिटर औषध, १९ लिटर पाणी, म्हणजे १ टक्का द्रावण. जोत्याखाली दर चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे ५० ग्रॅम औषध. मलेरियासाठी भिंतीवर मारायच्या डीडीटीचं प्रमाण होतं १ ग्रॅम. ते ५० ग्रॅम काँक्रीटखाली राहतात, तोवर ठीक. पण बांधकामानंतर भिंतीकडेनं १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात, तेव्हा ते ओसंडून ड्रिलच्या भुग्यात मुरतं. कोरडा झाडू फिरला की तोच भुगा घरभर. आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग भोकं बुजवा. झुरळांच्या खडूची तर रेघच भुकटीची.

समजा धुळीत किलोला ५ मिलिग्रॅम औषध आहे आणि १० किलोच्या बाळानं १०० मिलिग्रॅम धूळ गिळली. पोटात गेलं ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोला ०.०५, त्यातलंही सगळं आतड्यात सुटत नाही. आकडा लहान आहे, पण रोजचा आहे. धूळ तपासायची तर १५० मायक्रॉनच्या चाळणीखालची घ्यावी, कारण ओल्या बोटांना चिकटते ती तीच.