पंचवीस आठवडे ते शंभर कोटी

ठाण्यात पुण्याची एसटी धरायची तर ‘वंदना’ला जायचं, हे रिक्षावाल्याला समजावून सांगावं लागत नाही. स्टँडचं हे नाव टॉकीजवरून पडलं. वंदना, गणेश, अशोक, मल्हार अशा एकपडदा थिएटरांच्या काळात सिनेमाचं यश आठवड्यांत मोजलं जाई. 25 आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, 50 म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रिंट, म्हणजे सिनेमाच्या रिळांच्या प्रती, मोजक्या असत, त्यामुळे सिनेमा मोठ्या शहरातून तालुक्यापर्यंत झिरपत जायचा आणि पैसाही महिनोन्‌महिने येत राहायचा. 1943 चा ‘किस्मत’ कोलकात्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून अधिक चालला, ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं. दादा कोंडके यांच्या नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांची नोंद तर गिनीज बुकात झाली.

आठवड्यांचं हे मापही चोख नव्हतं. सिनेमा नुसत्या मॅटिनीवर आला तरी आठवडा धरला जाई. शिवाय ‘फीडिंग’ चाले, म्हणजे पोस्टरवर महोत्सवाचा आकडा झळकावा म्हणून निर्माता किंवा वितरक स्वतःच्या खिशातून खेळ चालू ठेवी.

रुपयांचा हिशेब मात्र कुणी चव्हाट्यावर मांडत नसे. करमणूक कर जबर होता, त्यामुळे गल्ला फुगवून सांगण्यापेक्षा लपवण्यातच फायदा. त्यात वितरणाचे नकाशे ब्रिटिशकालीन: ठाणे, कोकण, पश्चिम महाराष्ट्र गुजरातसह मुंबई टेरिटरीत, म्हणजे वितरण विभागात, विदर्भ सीपी-बेरार (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) विभागात, मराठवाडा निजाम (जुनं हैदराबाद संस्थान) विभागात. एका मराठी सिनेमाची कमाई अशी तीन वह्यांत विखुरलेली.

1997 मध्ये दिल्लीतल्या साकेतला देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं. पुढे महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि वाशीपासून घोडबंदर रोडपर्यंत मॉल आणि पडदे एकदमच आले. डिजिटल प्रक्षेपणामुळे प्रिंटची अडचण संपली, एकाच शुक्रवारी हजारो पडदे गाठता येऊ लागले. पण आठवड्यांचं माप जाऊन कोटींचं येण्यामागचं खरं कारण मला 2009 च्या संपात दिसतं. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले तिकिटाच्या पैशांच्या वाटणीवरून दोन महिने अडून बसले. तडजोड झाली ती अशी: वितरकाला पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि त्यानंतर 30. सिनेमा लांब चालवण्यात वितरकाला रस उरला नाही तो इथे. आजच्या 18 टक्के जीएसटीने 200 रुपयांच्या तिकिटाचा हिशेब करून पाहा. कर वजा जाता सुमारे 169 रुपये उरतात. याच वाटणीने त्यातले पहिल्या आठवड्यात वितरकाला साधारण 85 मिळतील, चौथ्यात जेमतेम 51.

‘गजनी’ने 2008 मध्ये शंभर कोटींचा उंबरठा ओलांडला होताच. मराठीत तो मान 2016 मध्ये ‘सैराट’ला मिळाला. पण ‘गजनी’चे शंभर कोटी नेट, म्हणजे कर वजा जाता उरलेले, आणि ‘सैराट’चे ग्रॉस, म्हणजे प्रेक्षकाने खिडकीवर मोजलेले. वितरकाच्या हाती पडणारा ‘शेअर’ याहून कितीतरी लहान, आणि खरा नफा-तोटा त्यावरच ठरतो. बातम्यांत मात्र तिन्ही आकडे एकाच पंक्तीला बसतात. त्यात तिकिटाचे दर वाढत असल्याने दर काही वर्षांनी ‘सर्वकालीन विक्रम’ मोडणं अटळच. वेगवेगळ्या काळांची तुलना करायची तर विकलेली तिकिटं मोजायला हवीत, पण तो आकडा पोस्टरवर शोभत नाही. आकडे जाहीर करतो तो बहुधा निर्माताच, आणि आता ते लपवण्याऐवजी फुगवण्याकडे कल. जुन्या फीडिंगच्या जागी निर्मात्यानेच केलेलं तिकिटांचं घाऊक बुकिंग आलं, इतकंच.

मराठी सिनेमाला या मोजमापाचा फटका सगळ्यात जास्त बसतो. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी खेळ लावायला सांगितलं. पण दुपारी 12 चा खेळही त्यात बसतो आणि संध्याकाळी 7 चाही. ठाण्यातला नोकरदार संध्याकाळी साडेसातच्या लोकलमधून उतरतो. दुपारचा खेळ रिकामा गेला की सोमवारी भरलेल्या खुर्च्यांची तीच टक्केवारी दाखवून पुढच्या शुक्रवारी खेळ कमी केले जातात.