आशेला जागा नसलेला आशावाद

आज ‘आशावाद’ म्हटले की मनात येते ती उद्याची आशा. अठराव्या शतकातल्या युरोपात या शब्दाचा अर्थ वेगळा होता. तो ध्यानात घेतला नाही, तर फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरची ‘कांदीद’ ही उपरोधिक कादंबरी नेमकी कोणावर संतापली आहे ते कळत नाही.

मूळ प्रश्न जुनाच. देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल, तर जगात दुःख का? सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच विचारवंत प्येअर बेलने आपल्या कोशात लिहिले, की तर्काने याचे उत्तर मिळत नाही. त्याच्या मते चांगली आणि वाईट अशा दोन शक्ती मानणाऱ्या मानी पंथाचे म्हणणे अनुभवाला जास्त पटते. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्झने १७१० मध्ये त्याला उत्तर दिले : शक्य असलेल्या सगळ्या जगांतून देवाने सर्वोत्तम तेच निवडले आहे. या मताला ‘ऑप्टिमिझम’ हे नाव १७३७ मध्ये फ्रान्समधल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या एका नियतकालिकाने दिले, तेही कौतुकाने नव्हे.

मग १ नोव्हेंबर १७५५ उजाडला. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधली चर्चे माणसांनी भरलेली. आधी भूकंप, पाठोपाठ समुद्राच्या लाटा, नंतर कित्येक दिवस धुमसलेली आग. हजारो माणसे गेली. व्हॉल्तेअरने लगेच कविता लिहिली. एक दिवस सारे चांगले होईल ही आपली आशा, आज सारे चांगलेच आहे हा भ्रम, असे तो तिच्यात म्हणतो. मला या साऱ्या वादाचा गाभा इथेच दिसतो. जग आधीच सर्वोत्तम असेल, तर आशा कशाची धरायची? तत्त्वज्ञ रूसोने १७५६ मध्ये व्हॉल्तेअरला पत्र लिहून प्रतिवाद केला : सारे चांगलेच आहे या मताने मला दुःखात धीर मिळतो, शिवाय लिस्बनमधली सहा-सात मजली घरे काही निसर्गाने बांधली नव्हती.

१७५९ मध्ये ‘कांदीद’ आली. हे जग सर्वोत्तम आहे ही पाँग्लॉस गुरुजींची शिकवण कथानायक कांदीद टाकून देतो तो दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, एक हात आणि एक पाय तोडलेल्या गुलामाला पाहून. युरोपातल्या साखरेची किंमत तो गुलाम मोजत असतो. तिथेच कांदीदला मार्टिन भेटतो. हा स्वतःला मानी पंथाचा म्हणवतो. जणू बेलचा प्रश्नच माणूस होऊन समोर येतो. पण लेखक त्याचेही सगळे खरे होऊ देत नाही. कांदीदचा नोकर काकांबो पैसे घेऊन पळणार, हे मार्टिनचे भाकीत खोटे ठरते. आणि शेवटी बागेत, ‘वाद न घालता काम करू या’ असे सुचवतो तो मार्टिनच.